बारा दहाची नोंद

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. या ग्रुपवर मला भाचीनं अॅड केलं आणि गेलं वर्षभर मी इथले अनुभव वाचून मनातल्या मनात खोट काढत बसते — लाईट गेली असेल, झोप अर्धवट झाली असेल, मांजर असेल. तो माझ्या नोकरीचा दोष आहे. चाकणच्या एका कंपनीत मी एकोणीस वर्षं इन्स्पेक्शनला आहे. गाड्यांच्या ब्रेकला लागणाऱ्या पिना आम्ही बनवतो. पीस गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसला तर ओके, नाही बसला तर रिजेक्ट. 'बसल्यासारखा वाटतोय' असा रकाना आमच्या शीटवर नसतो.

तरीही आज लिहितेय... कारण दोन वर्षं झाली, एका नोंदीचा उलगडा मला होत नाही, आणि ती नोंद माझ्याच अक्षरात आहे.

आमच्याकडची एक पद्धत आधी सांगावी लागेल. दर तासाला पीस तपासायचा, वेळ लिहायची, ओके लिहायचं, सही करायची. मधेच पीस खराब निघायला लागले तर शेवटचा ओके किती वाजता होता ते शीटवर बघायचं आणि त्यानंतरचा सगळा माल बाजूला काढायचा. याला आम्ही 'लास्ट ओके' म्हणतो. तो स्वतःच्या डोळ्यांनी बघून, स्वतःच्या हातानं तपासूनच लिहायचा. कुणी फोनवर सांगितलं की इकडं ठीक चाललंय, तर ते धरायचं नाही. नवीन पोरींना मी हे पहिल्या दिवशी शिकवते, आणि त्या माझ्यामागं तोंडं वाकडी करतात हेही मला माहीत आहे.

आम्ही मूळचे लातूरकडचे, राहतो आकुर्डीत. आमचे हे — बालाजी — दुचाकीच्या कारखान्यात इंजिन जोडणीला होते. मुलगा नाशिकला शिकतो, घरात आम्ही दोघंच. आमच्या या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, आणि गुरुवारचा स्वयंपाक यांच्याकडं. इतक्या वर्षांत वरण दोनदा सारखं झालं असेल तर शपथ. कधी डाळ टणक, कधी नुसता लगदा. कुकरच्या शिट्ट्या किती, हे दर गुरुवारी मला विचारायचंच. मी म्हणायची, अख्खं इंजिन जोडता आणि तीन हा आकडा लक्षात राहत नाही होय?

त्या गुरुवारी मला ओव्हरटाइमला बोलावलं होतं. कस्टमरकडून पिनांचा एक लॉट परत आला होता, तो एकेक पीस करून निवडायचा होता. मी सकाळी सहा वीसला निघाले तेव्हा यांनीच चहा करून दिला. गॅलरीतून हात केला. चांगले धडधाकट होते.

आमचं मशीनशॉप सुट्टीमुळं शांत होतं. मशीन बंद, निवडायला आम्ही दोघीच — मी आणि माझ्या हाताखालची सविता. आमचे मोबाईल गेटवरच्या लॉकरमध्ये जमा, तो आमच्याकडं नियमच आहे. बसायला आम्ही मागच्या शेडमधलं टेबल घेतलं होतं. माझं रोजचं टेबल पुढं आहे, मागं मी सहसा जात नाही. त्या टेबलावर कंपनीचा आतला फोन होता, जुना, करड्या रंगाचा.

बाराची नोंद मी बाराला केली. त्यानंतर थोड्या वेळानं मी तो फोन घेतला आणि पलीकडून हे बोलत होते.

"काय करायलीस?" नेहमीचाच सूर. मी म्हटलं, पिना निवडतेय, आणि तुम्हाला इथला नंबर कुणी दिला? म्हणाले, "डाळ धुतलीय. शिट्ट्या किती घेऊ गं? मागच्या टायमाला पार लगदा झालता."

मी हसले. तीन, म्हटलं, तीन. मग त्यांनी विचारलं, "किती वाजले तुझ्याकडं?" मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. बारा दहा. तसं सांगितलं.

"बरं. लिहून ठेव," म्हणाले, आणि आवाज थांबला.

मला वाटलं, चेष्टा करतायत. घरात वाण्याच्या यादीवरसुद्धा मी तारीख टाकते, त्यावरून ते मला नेहमी चिडवायचे. पण हात सवयीचा. पेन शीटवरच होतं. मी लिहिलं: १२.१०, ओके, आणि पुढं सही.

दोन वाजायला दहा मिनिटं असताना गेटवरचे वाघमारे मागच्या शेडपर्यंत पळत आले. धाप लागली होती त्यांना. घरून फोन आलाय म्हणाले, तुमचे साहेब पडलेत. फोन न लावता हा माणूस एवढ्या लांब पळत का आला, हा विचार त्या वेळी माझ्या डोक्यात आला नाही.

झालं होतं असं. आमच्या घरमालकीण आक्का खालच्या मजल्यावर राहतात. जुन्या आकुर्डीतल्या शेतकरी घरातल्या, तोंडाच्या फटकळ. आमच्याकडं पाणी दिवसाआड येतं, आणि दीडच्या सुमाराला गच्चीवरची टाकी रिकामी झालेली त्यांना दिसली. वर कुणीतरी नळ चालू ठेवला म्हणून त्या भांडायलाच वर आल्या. दार लोटलेलं होतं. हे ओट्याखाली पडलेले, तोंड एका बाजूला गेलेलं, डोळे उघडे. त्यांच्या मुलानं रिक्षा बोलावून हॉस्पिटल गाठलं. मेंदूच्या झटक्यावर इलाज करणारं वेगळं युनिट असलेलं हॉस्पिटल निगडीला आहे हे त्याला ठाऊक होतं, हे आमचं नशीब.

कंपनीच्या गाडीनं मी निघाले. तळवड्याच्या चौकात गाडी अडकली तेव्हा मी काय काय बोलले मला आठवत नाही... ड्रायव्हर मात्र एकसारखा म्हणत होता, ताई, पोचतोय, पोचतोय.

पोचले तेव्हा तीनला पाच कमी होते. सीटी स्कॅन झाला होता. डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा लहान असतील, पण बोलणं एकदम स्वच्छ. मेंदूच्या डाव्या बाजूची एक बारीक नस गुठळीनं बंद झाली आहे, त्यामुळं उजवा हात-पाय आणि वाचा गेली आहे. मोठी नस असती तर आतून तार घालून गुठळी काढता आली असती, इथं ते शक्य नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण सुरुवात झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यायचं. उशीर झालेला असताना दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, माणूस जाऊ शकतो. एमआरआयवरून वेळेचा अंदाज आला असता, पण यांच्या डोळ्यात कारखान्यातली लोखंडाची कणी वर्षानुवर्षं रुतलेली, एमआरआयच्या चुंबकानं ती हलली असती, त्यामुळं तोही करता येत नव्हता.

"म्हणून मला नेमकं सांगा," त्या म्हणाल्या, "ते शेवटचे व्यवस्थित कधी होते?"

म्हणजे लास्ट ओके. हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेलाय. मी ताडकन उत्तर दिलं, सकाळी सहा वीस. कारण मी डोळ्यांनी बघितलं होतं ते सहा वीसला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. साडेआठ तास होऊन गेले होते. आक्का माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनी माझा दंड धरला आणि कानात म्हणाल्या, "आगं, बारा वाजता नीट व्हता म्हन की. कोन बघायला आलंय? आमी न्हाई बोलायचो." मी नकारार्थी मान हलवली. खोटा ओके मी पिनेला लिहीत नाही, नवऱ्याला कसा लिहू? आणि त्या खोट्यानंच हे गेले असते तर?

मॅडम निघाल्याच होत्या. दारातून वळून त्यांनी विचारलं, "सकाळनंतर त्यांच्याशी कुणी बोललंही नाही का? फोनवर वगैरे?"

फोनवरचं धरायचं नाही, हे माझ्या हाडात इतकं भिनलेलं की मी ते मोजलंच नव्हतं. म्हटलं, बोलले. बारा दहाला. मीच बोलले.

"अहो, मग तेच तर विचारतेय! शब्द स्पष्ट होते? अडखळत नव्हते?"

"स्पष्ट होते."

"वेळ नक्की?"

"लिहिलेली आहे," मी म्हटलं. "सहीनिशी."

संमतीच्या कागदावर सही केली. तीन वीसला इंजेक्शन सुरू झालं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला यांनी उजव्या हाताची बोटं मिटली आणि मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून पोटभर रडले.

इथवर सगळं सरळ आहे.

तीन आठवड्यांनी कामावर गेले. सुपरवायझरनं ती शीट पुढं केली. बाराची नोंद आहे, एकची आहे, मधे ही बारा दहाची कसली? नगसंख्या नाही, काही नाही, नुसता ओके. मी सांगितलं की घरून फोन आला होता. तो म्हणाला, मागच्या शेडचा फोन? आणि मला तिथं घेऊन गेला. टेबलामागची वायर भिंतीपासून कापलेली होती, टोकाला टेप गुंडाळलेला. मशीनची लाईन पुढं हलवली तेव्हाच तो फोन बंद केलेला — माझ्या गुरुवारच्या आधी पंधरा दिवस. म्हणून तर वाघमारे पळत आले होते. त्यांच्या गेटच्या रजिस्टरमध्ये त्या दिवशी बाहेरून आलेला एकच कॉल आहे, आक्कांच्या मुलाचा. यांच्या मोबाईलमध्ये सकाळपासून एकही कॉल केलेला नाही.

सविताला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही फोन कानाला लावून हसत होता, मी बघितलं. रिंग मात्र मला ऐकू आली नाही." मी आठवून आठवून बघितलं. रिंग मलाही आठवत नाही.

त्यानंतर कित्येक दिवस मला धड जेवण गेलं नाही. मी एका तुटलेल्या वायरीच्या भरवशावर सही केली होती. वेळ चुकीची असती तर माझ्या सहीनं माझा माणूस गेला असता. शेवटी फॉलोअपला मी मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, "हे मला फाइलमध्ये लिहिता यायचं नाही. पण इतका गुण आला, म्हणजे वेळेत दिलं गेलं असणार, एवढंच मी म्हणू शकते."

फोनची गोष्ट मी यांना सांगितली नव्हती. वाचेचा व्यायाम चालू होता, मनाला उगाच ताण नको म्हणून. चार महिन्यांनी एका दुपारी ते आपणहून त्या दिवसाचं बोलायला लागले. एकेक शब्द शोधून, थांबत थांबत.

"डाळ... धूत होतो. घड्याळ बघितलं... बारा... दहा. म्हटलं तुला... इचारावं. शिट्ट्या." मग डाव्या हातानं उजवा हात उचलून दाखवला आणि सोडला. तो मांडीवर पडला. "भांडं पडलं. तोंड... उघडंना."

मी विचारलं, मला फोन केला होता का?

त्यांनी मान हलवली. "फोन... आतल्या खोलीत. जाता... आलं न्हाई."

यावर तुम्ही जे म्हणाल ते सगळं मी स्वतःला म्हणून बघितलंय. भास असेल. मनाचा खेळ असेल. पण भासाला बारा दहा कसं कळलं, आणि डाळ धुतलीय हे कसं कळलं?

हे आता बरे आहेत. चालतात, कंपनीनं हलकं काम दिलंय. बोलणं मात्र पहिल्यासारखं झालं नाही, होणार नाही असं मॅडमनी सांगितलंय. दर तिसऱ्या शब्दाला अडतात. गुरुवारी ओट्याशी उभे राहून अजून विचारतात, "शिट्ट्या... कि... किती?" आणि मी चेष्टा न करता तीन म्हणते.

त्यांचं न अडखळता आलेलं शेवटचं वाक्य मी त्या वायर नसलेल्या फोनवर ऐकलं. त्या शीटची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे. बारा दहा, ओके, आणि पुढं माझी सही. नियमानं ती नोंद खोडायला हवी. मी खोडलेली नाही.