मायच्या फोनवरचा ओटीपी

वाशीमच्या कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा माझ्याकडे स्वतःचा फोन नव्हता, म्हणून अर्जात मायचा नंबर टाकला होता. महिला बचत गटाची ती अध्यक्ष, त्यामुळे घरातला धड चालणारा फोन तिच्याकडेच. पुढे मी वसतिगृहात राहायला गेले, फोनही घेतला, पण कॉलेजच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर नंबर मायचाच राहिला. पासवर्ड आठवत होता तोवर काही अडलं नाही.

तो विसरले नेमकी विषय निवडायच्या शेवटच्या दिवशी. संध्याकाळी साइट बंद होणार होती आणि विषय निवडायचे राहिले तर अख्खं सत्र हातचं जाणार होतं. मी 'पासवर्ड विसरलात?' वर बोट दाबलं. ओटीपी गेला गावी रिठदला, मायच्या फोनवर. आता आकडे विचारायचे आणि आत शिरायचं, एवढंच तर काम. मैत्रिणीला मी चहाला चल म्हणून सांगूनही टाकलं.

फोन लावला तर माय म्हणाली, आकडे आलेत, पण सांगणार नाही. गटाच्या बैठकीत बँकेचे साहेब येऊन बजावून गेले होते की ओटीपी कोणालाच द्यायचा नाही, हल्ली चोर लेकराचा आवाजसुद्धा काढतात. सगळ्या बायांनी गटाच्या पेटीवर हात ठेवून शपथ घेतली होती, आणि पहिला हात अध्यक्षबाईंचा. मी समजावलं, चिडले, रडवेला आवाजही काढून पाहिला. रडायला काय, चोरालाही येतं, असं तिचं म्हणणं. शेवटी तीच म्हणाली, एक प्रश्न विचारते, बरोबर सांगितलं तर आकडे देते.

“आपल्या म्हशीच्या कपायावर काय हाये?”

मला हसूच आलं. त्या म्हशीला वर्षानुवर्षं वैरण मीच टाकली होती.

“काईच नाही. पुरी कायी हाये ते.”

“चुकलं,” माय म्हणाली आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेचना. तिचं नेहमीच असं, एक घाव दोन तुकडे.

चहा गेला चुलीत. मी चडफडत स्टँडवर पळाले. काळीपिवळीवाला गाडी भरल्याशिवाय हलेना, आणि माझा जीव टांगणीला. वाटभर मी मायला काय काय सुनवायचं ते जुळवत होते. चांगलं लांबलचक जुळलंही होतं.

घरी पोचले तर ती गोठ्यात होती. दाव्याला एक अनोळखी म्हैस, कपाळावर ठसठशीत पांढरा चांद. जुनी आटली म्हणून विकली होती, आणि ही आणून बरेच दिवस झाले होते. मी दिवाळीनंतर घरी आलेच नव्हते. येते, येते म्हणत परीक्षा, प्रोजेक्ट, मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न. मला फार वाईट वाटलं. जुळवलेलं भाषण बाजूला ठेवून मी नव्या म्हशीपुढे वैरण टाकली.

मायने फोन हातात दिला. नवा ओटीपी मागवला, आत शिरले, विषय निवडले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मग तिला विचारलं, माझा आवाज खरंच ओळखला नाहीस का. ओळखला की, ती म्हणाली, एवढी आदळआपट दुसऱ्या कोणाला जमणार? पण शपथ ती शपथ, आणि उत्तर तर तुझं चुकलंच होतं.

मी म्हटलं, लागल्या हाती साइटवर माझा नंबर टाकून देते, म्हणजे तुझ्या मागची कटकट जाईल.

माय म्हशीची पाठ खाजवत होती. माझ्याकडे न बघताच ती बोलली.

“राहू दे माहाच. त्या बहाण्यानं तं येत जाशीन.”

नंबर अजून तिचाच आहे. पासवर्ड मी आता दर महिन्याला विसरते.