लेस सुटेना तेव्हा

देवीचं दर्शन बुटाच्या लेसवर अडून राहील, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी घरात अडकलो होतो. वाकायचं नाही, ही डॉक्टरांची ताकीद. चप्पल बंद, जाड तळाचे बूट सुरू, आणि त्यांच्या लेस रोज सूनबाई बांधणार. पायाशी बसलेली सून पाहिली की मला स्वतःचाच संताप यायचा. शेवटी ठरवलं, एकट्यानं अंबाबाईला जायचं. जमलं तर ठीक. नाही तर पुन्हा उंबरा ओलांडायचं नाव काढायचं नाही. आईकडं मागणं एकच होतं, मला कुणाच्या हाताकडं बघायला लावू नकोस.

'कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो' अशी थाप मारली आणि रिक्षानं महाद्वार गाठलं. बूट काढायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, लेस बांधणारी घरी आहे आणि गाठ माझ्याबरोबर आलीय. एका बुटानं दुसरा बूट ढकलून पाहिला, काठीचं टोक गाठीत घालून पाहिलं. गाठ आणखी आवळली. माणसं माझ्याकडं बघत आत जात होती. माझा देवावरचा विश्वास तिथंच डळमळला. शहाण्यानं घरी बसावं, असं ठरवून मी वळलो.

"पावणं, ह्यो कसला नाच म्हनायचा?" समोर एक म्हातारी उभी होती. माझ्याहून चार पावसाळे जास्तच पाहिलेली. चंदगडाकडनं एस.टी.नं आलेय, असं तिनंच मागाहून सांगितलं.

"लेस सुटंना, मावशी."

"मग सांगायचं की कुनाला. तोंडाला बी लेस बांधलीया व्हय?"

मी नको नको म्हणेपर्यंत तिनं फरशीवर बसकण मारली. "अहो, तुम्ही मोठ्या, माझ्या पायाला..."

"मोठी हाय म्हनूनच ऐका. पाय म्होरं घ्या."

दोन्ही बूट निघाले. मग तिनं हात वर केला. "आता उठवा मला. माझं गुडघं कवाच गेल्यात." मी एका हातानं कठडा धरला, दुसरा तिला दिला. "वढा की, घरात जेवाय घालत न्हाईत व्हय?" आम्ही दोघं कसेबसे उभे राहिलो आणि धापा टाकत हसलो. कितीतरी महिन्यांनी माझ्या हाताचा कुणाला उपयोग झाला होता.

ती बायकांच्या रांगेत गेली, पुन्हा दिसली नाही. ती आईच होती, असं मी म्हणणार नाही. आईचे गुडघे दुखत असतील असं वाटत नाही. पण गाभाऱ्यासमोर उभा राहिलो तेव्हा घोकून आणलेलं मागणं तोंडातून निघेना. नुसते हात जोडले. डोळे भरून आले. मी ज्याला लाचारी म्हणत होतो ती आधाराची देवघेव होती, आणि तिच्या जोरावरच म्हातारपणी माणूस उभा राहत असावा. आईनं एवढं कळू दिलं, हे तिचे उपकार.

बाहेर येऊन बुटांत पाय सरकवले आणि शेजारच्या पोट सुटलेल्या गृहस्थांना म्हणालो, "पावणं, जरा लेस बांधता का?"

ते बसले. "घट्ट बांधू का सैल?"

"बांधा तुमच्या मनानं," मी म्हणालो.