मासळी बाजारात लावलेली धार

राष्ट्रीय स्पर्धा आठवड्यावर आलेली असताना मी माझ्या स्केट्सच्या पात्यांना पनवेलच्या मासळी बाजाराबाहेर धार लावून घेतली.

शुद्धीत होतो. बर्फावरच्या स्केटचं पातं सुरीसारखं नसतं. त्याच्या तळाला लांबीभर एक उथळ पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन कडा. गिरकी असो की उडी, सगळं त्या कडांच्या जिवावर. हे मी स्वतः नवशिक्यांना पढवत आलो होतो. पण आई करंजाच्या कोळीवाड्यातली. आमच्या घरात धार म्हणजे कोयत्याची धार. त्यात माझी पाती नेहमी कुरिअरने मागवून घासून देणारा दिल्लीचा माणूस नेमका लग्नाला गावी गेलेला. म्हटलं, धार ती धार.

दगडाच्या चाकावर पाणी सोडत धारवाल्याने विचारलं, याने कोणती मासळी कापता? मी म्हटलं, सुरमई. आगाऊपणा रक्तातच. त्यानेही मग सुरमईला शोभेल अशी धार काढली. पन्हळ गेली, दोन कडांची एक झाली. पाती इतकी चकाकत होती की मी त्यांचा फोटो काढून स्टेटसला ठेवला.

तशी माझी कारकीर्द सांगायला फार वेळ लागत नाही. सुकापूरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाकांवर सुरुवात, मग मॉल उघडायच्या आधी तिथल्या छोट्याशा बर्फावर. एका वर्षी देशात तिसरा आलो. तेव्हा पळस्प्याच्या नाक्यावर माझा फ्लेक्स लागला. त्यात निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्या एका काकांचा चेहरा माझ्या चौपट होता. पुढच्या वर्षी गुडघा गेला. तो बरा होईतो मॉलवाल्यांनी बर्फ काढून तिथे खाऊगल्ली केली. मग बर्फ मिळायचा तो वर्षातून काही आठवडे, उत्तरेत जाऊन. बाकीचे महिने गच्चीवर कोरडा सराव, म्हणजे बर्फाविना नुसत्या उड्या, आणि घसरत जाणारा नंबर.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. बाबांशी सरळ बोलणं झालं होतं: या वेळी भारताच्या संघात निवड झाली तर ठीक, नाहीतर खेळ बंद आणि उरणकडच्या कंटेनर यार्डात नोकरी.

स्पर्धेच्या ठिकाणी सरावाला उतरलो आणि पहिल्याच रेट्याला पाय शेवाळलेल्या धक्क्यावरून सटकावा तसा गेला. माझ्या प्रशिक्षक मॅडमनी स्केट हातात घेतला, पात्याखालून नख फिरवलं आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या मापाचे जादा स्केट्स कुणाकडे नव्हते. आता याच्यावरच काय होईल ते कर, एवढंच म्हणून त्या कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

संगीत सुरू झालं. पहिल्या उडीनंतर मी बसल्या बसल्याच थेट बर्फाच्या कडेच्या फळीपर्यंत गेलो. दुसरीनंतरही तेच, फक्त फळी समोरची. तिसरी उडी मी मारलीच नाही. परीक्षक सभ्य माणसं, त्यांनी माना खाली घातल्या. संगीत मात्र शेवटपर्यंत वाजलं आणि तेवढा वेळ मी हात हलवत बर्फावर गोल गोल फिरत राहिलो. शेवटून पहिला आलो.

पुढच्याच महिन्यात यार्डात लागलो. तिथल्या कॅंटीनमध्ये हा किस्सा फार चालतो. नवीन माणूस आला की मला सांगायला लावतात आणि मीही चाक फिरवणाऱ्या धारवाल्याची नक्कल करून सांगतो. नाक्यावरून रोज जातो, तिथे आता दुसऱ्याच कुणाचा फ्लेक्स असतो.

परवा मामा आले होते. त्यांना ऐकवला. त्यांना हसता हसता ठसका लागला. आई खाली बसून सोडे निवडत होती. ती हसली नाही. माझं सांगून होईपर्यंत थांबली आणि हातातलं काम न सोडता म्हणाली, "त्या धारवाल्याला काय बोल लावतोस? आपलं घर गच्चीच्या खाली हाय. तू वर उड्या मारायला जायचास तवा माझ्या डोक्यावर धपधप व्हायची. धार लावायच्या आदी दोन महिने रोज वर जात होतास, पण एक धप ऐकू आली नाय. नुसता बसून खाली यायचास तू."