पाय फुटलेले मासे

माझी नोकरी वाचली ती बदलापूरच्या सोसायटीतल्या एका म्हाताऱ्या काकूंमुळे. तिथला माशांचा हौद मी साफ करायचो. एकदा पिल्लांना पाय फुटलेले दिसले. मी टाकलेल्या सफाईच्या पावडरीनेच झालं असं वाटून, कुणी बघायच्या आत मी सगळा हौद गटारात उपसायला घेतला. काकूंनी काठीने बादली अडवली.

"येड्या, बेडकाची पिल्लं आहेत ही! कल्ले जाऊन फुप्फुसं येतील, मग निघतील बाहेर."

"सातवीत शाळा सोडली, काकू. मला काय माहीत?"

त्या चष्मा पुसत राहिल्या. "आपल्या पूर्वजांना पाण्यातून जमिनीवर यायला कोट्यवधी वर्षं लागली. तुलाच कसली घाई?"

त्यांचं नाव विचारायचं राहिलं. पुढच्या वेळी गावाहून येताना त्यांच्यासाठी घरची ज्वारी आणणार आहे.