कीबोर्डतात्या आणि माझा घोगरा आवाज

कीबोर्डतात्यांना कुठल्याच कामाचं वावडं नव्हतं. सकाळी हळदीचं गाणं, दुपारी खताची जाहिरात, संध्याकाळी कचरागाडीची धून. बारामतीच्या बाजारात उभं राहिलं की तीन दिशांनी तीन लाउडस्पीकर कानावर यायचे आणि तिन्हींत तात्यांचंच संगीत असायचं.

बारामतीजवळ पिंपळी गावात, घरामागच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावलेल्या. कडबाकुट्टीच्या यंत्राचा खडखडाट रेकॉर्ड करून त्यावर त्यांनी अख्खं लग्नाचं गाणं बसवलं होतं. एका गोठेवाल्याला तर धारा काढताना लावायला संथ धून करून दिली होती.

"गाईला आवडली का?" मी विचारलं.

"मालकाला आवडली. गाईनं अजून कळवलं न्हाय."

मी शेळगावची. आमच्या मंडळाची भजनं त्यांनीच रेकॉर्ड केली होती, त्यात मी पुढं गायचे. मग गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज घोगरा झाला आणि मी चारचौघांत बोलणंच टाकलं. फोनसुद्धा नवऱ्याला उचलायला लावायचे. तशात एक दिवस तात्या घरी आले. गुरांत साथ पसरली होती. 'लस टोचून घ्या' अशी सूचना गाडीवरून गावोगाव फिरवायची होती आणि ती त्यांना माझ्या आवाजात हवी होती.

"तात्या, आवाज फाटलाय माझा."

"व्हय, ऐकतोय की. गोड आवाजात सांगितलं तर लोकांना साबणाची जाहिरात वाटती. तुझं ऐकून थांबतील."

दुसऱ्या दिवशी पिंपळीला गेले. आठव्यांदा चुकल्यावर मला रडू फुटलं. तात्यांनी समजूत घातली नाही. तांब्या पुढं केला, "पाणी पी. परत घेऊ."

चार दिवसांनी ती गाडी आमच्या गल्लीत आली. जाऊबाई धावत दारात आल्या. "अगं, ही तूच हायस ना?" मी बाहेर आले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "व्हय, मीच." त्या दुपारी जनावरांच्या दवाखान्यापुढं रांग लागली होती. आमची गायही त्यात होती.

त्यानंतर तात्यांच्या कितीतरी जाहिराती मी बोलले. पुढं त्यांचे कान गेले. आता खोली बंद होणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. गेल्या महिन्यात रोपवाटिकेच्या जाहिरातीसाठी त्यांनी निरोप धाडला, तेव्हा मलाही नवल वाटलं. मी बोलले. त्यांनी ते लावलं आणि स्पीकरवर तळहात टेकवून, डोळे मिटून बसले.

"दुसऱ्या ओळीत दम खाल्लास," ते म्हणाले. "परत घे."

खरंच खाल्ला होता. मी परत घेतलं.