पांढरी दोरी

निवृत्तीला चार वर्षे झाली, तरी त्या सकाळचा फोन मला शब्द न् शब्द आठवतो. मी पोलीस ठाण्यात आदल्या दिवशीची स्टेशन डायरी वाचत होतो. फोन निमगाव केतकीच्या पुढच्या एका वस्तीवरून होता. पोलीस पाटील बोलत होते.

"साहेब, हितं एक मयत अडवून धरलंय. म्हातारीची जाऊ म्हणती, पोलीस आल्याबिगर उचलू देणार न्हाय."

"भांडण आहे का घरात?"

"न्हाय ओ. पाठ बघितली म्हणं तिनं. तुमी याच."

मयत झालेल्या बाई पंचाहत्तरीच्या होत्या. नवरा नव्हता. एकुलता मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीत. मांडीचे हाड मोडल्यापासून बाई अंथरुणात होत्या, आणि दीड वर्षापासून त्यांचा मुक्काम बारामती-इंदापूर रस्त्यापासून थोडे आत असलेल्या एका वृद्धाश्रमात होता. आश्रमाने मुलाला कळवले की हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांचा दाखला तयार होता. मृतदेह वस्तीवर पोचला तो अंघोळ घातलेला, नवे लुगडे नेसवलेला, गळ्यात हार घातलेला. रुग्णवाहिकेच्या चालकाने व्यवस्थापकांचा निरोप सांगितला होता की आमच्याकडून सगळे झाले आहे, तुम्ही फक्त अग्नी द्या. दुःखात असलेल्या मुलाला ती सोय वाटली.

धाकट्या जावेला वाटली नाही. घरच्या पाण्याने न्हाऊ घातल्याशिवाय माणूस घरातून निघत नाही, एवढेच तिचे म्हणणे. चार बायकांनी साडीचा आडोसा धरला, जावेने अंगावरचे लुगडे सोडले आणि त्यांना कुशीवर वळवले.

मी पोचलो तेव्हा ती आडोशाच्या तोंडाशीच बसली होती. सत्तरीची, काटक, हातात अजून तांब्या. मुलगा तिला समजावत होता.

"काकू, झालं ते झालं. आता आईची विटंबना नको. लोक जमलेत."

"लोक जमल्यात म्हणून तर म्हणती. तू बघितलीस का पाठ? न्हाय बघितली. मी बघितली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी मोठं साहेब हाय न्हवं? मग बाईमाणूस आणलंय का संगं? न्हायतर आत पाऊल टाकू नका."

महिला हवालदार सोबत होत्या. त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. वीस वर्षांची नोकरी झालेली ती बाई. हळू आवाजात म्हणाल्या, "सर, माकडहाडापाशी मूठ जाईल एवढी जखम आहे. हाड दिसतंय. आणि डाव्या मनगटावर बांधल्याचा वळ आहे. जुना."

अकस्मात मृत्यूची नोंद केली. महिला पंच बोलावून मृतदेहाचा इन्क्वेस्ट पंचनामा झाला. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, शवविच्छेदन टाळता नाही का येणार? मी दर महिन्याला येत होतो हो. खरंच येत होतो."

"आल्यावर आईला कुठे भेटायचात?"

"व्हरांड्यात. खुर्चीत बसवून आणायचे. अंगावर शाल असायची."

मी मृतदेह शवविच्छेदनाला पाठवला. संध्याकाळपर्यंत प्राथमिक निष्कर्ष असा आला की पडून राहून चिघळलेल्या जखमेतून रक्तात विषबाधा पसरून मृत्यू झाला आहे आणि जखम बऱ्याच आठवड्यांची आहे. हृदयविकाराचा त्यात मागमूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता आम्ही आश्रमावर गेलो. इमारत नवी, अंगणात लॉन, भिंतीवर सुविचार. व्यवस्थापक सुशिक्षित, गोड बोलणारा. त्याने लगेच रजिस्टरे मांडली. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद, सही, रक्तदाब, जेवण. सगळे एका पेनाने, एका वळणाने. तपासणीला येणाऱ्या सरकारी समितीची शेरा वहीही त्याने दाखवली. एकाही पानावर त्रुटी नव्हती. समिती येण्याआधी फोन करते आणि कार्यालयात बसून चहा घेत रजिस्टर पाहते, हे त्याने स्वतःच सांगितले. त्यात काही वावगे आहे असे त्याला वाटतच नव्हते.

मी कूस बदलण्याच्या रजिस्टरचे चालू पान काढले. घड्याळात साडेदहा झाले होते. पानावर संध्याकाळी सहापर्यंतच्या सह्या होत्या. आदल्या दिवशी माझ्या समोर आडोशामागे पडलेल्या त्या बाईचीही त्याच पानावर दुपारी दोन वाजता कूस बदललेली होती.

"लिहिणाऱ्याची चूक," व्यवस्थापक म्हणाला. मग कपाट उघडून त्याने अभ्यागतांची अभिप्राय वही काढली आणि एक पान माझ्यापुढे धरले. "सर, बाहेरचे लोक काहीही बोलतात. तुम्ही तर स्वतः पाहून गेला आहात."

अक्षर माझे होते. 'अत्यंत स्वच्छ व प्रेमळ वातावरण. आईवडिलांप्रमाणे सेवा. व्यवस्थापनाचे अभिनंदन.' खाली सही, हुद्दा.

आठ महिन्यांपूर्वी लग्नाच्या वाढदिवशी मी पत्नीसह तिथे गेलो होतो. आपल्याकडे ही एक रीत झाली आहे. वाढदिवस आला की वृद्धाश्रमात फळे वाटायची, फोटो काढायचा, शाल-श्रीफळ घ्यायचे आणि वहीत चार ओळी लिहायच्या. लिहिण्याआधी मी एकाही खोलीत पाच मिनिटे थांबलो नव्हतो. पत्नी थांबली होती. ती शाळेत शिक्षिका होती. वर्गात शिरताच कोणाच्या हातात काय आहे ते तिला दिसायचे.

परतताना गाडीत ती म्हणाली होती, "त्या घंटीच्या दोऱ्या पाहिल्यात? प्रत्येक खाटेशी आहे. पण पांढरीशुभ्र. दुकानातून आज आणल्यासारखी."

"स्वच्छता ठेवतात. चांगलं आहे की."

"तेल लावलेल्या हातांनी रोज ओढलेली दोरी पांढरी राहते? आपल्या देव्हाऱ्यातली घंटा बघा जरा."

मी हसून म्हणालो होतो, "आज मी सुट्टीवर, आणि तपास तुझ्याकडे का?"

आता व्यवस्थापक माझीच सही माझ्यापुढे धरून उभा होता आणि मला प्रथमच कळले की गुन्हेगार साक्षीदार कसा तयार करतो. त्याने मला एक नारळ देऊन तयार केले होते.

वही सोबतच्या हवालदारांकडे दिली. म्हणालो, "ही जप्त करा. पंचनाम्यात लिहा, अभिप्राय तपासी अधिकाऱ्याचा आहे." हवालदार घुटमळले. "सर, ही कशाला घ्यायची? आपल्यावरच येईल." मी म्हणालो, "म्हणूनच घ्या."

मग आम्ही त्या बाईंच्या खोलीत गेलो. खाटेशेजारच्या भिंतीवर दोरी नव्हती. वर पाहिले. पुरुषभर उंचीवर, घंटीच्या बटणाखालीच, दोरी गुंडाळून खिळ्याला गाठ मारलेली. शेजारच्या खाटेची तशीच. सगळ्या खोल्यांतून तशाच. गाठी धुळीने भरलेल्या.

आश्रमात दिवसा एकच सेविका होती, मूळची पणदऱ्याची, पन्नाशीची विधवा. चौकशीत माणसावर ओरडून काही मिळत नाही, विशेषतः जो आधीच सगळ्यांची बोलणी खातो त्याच्याकडून. मी तिला व्यवस्थापकापासून दूर, स्वयंपाकघरात बसवले आणि महिला हवालदारांना तिच्याशेजारी बसायला सांगितले. पहिला अर्धा तास "मला काय ठावं न्हाय" एवढेच. मग मी विचारले, "मावशी, एकटीला किती जणी बघाव्या लागतात?"

हे तिला बहुधा कोणी विचारले नव्हते.

"चोवीस. धुणं, भांडी, हागणंमुतणं, समदं. दोन तासाला कूस बदला म्हणं. चोवीस जणींची कूस बदलून हुईस्तवर पहिलीची परत येळ येती. मी काय यंत्र हाय?"

"आणि दोऱ्या?"

"एकीनं वाजवली की समद्या वाजवत्यात. आमचं साहेब म्हनले, डोकं उठतंय, बांधून टाक. पावणं यायचं असलं की फोन येतो. मग चादरी बदलायच्या, दोऱ्या खाली सोडायच्या. पावणं गेलं की परत गाठ."

"मी आलो होतो तेव्हाही?"

"व्हय. तुमच्या बाईसाहेबांनी मला इचारलं बी हुतं, दोरी कोण ओढतं म्हणून. मी काय बोलणार? साहेब मागंच हुतं."

"हात का बांधला त्यांचा?"

आता तिचा आवाज बदलला. "मागं लई ठणकायचं तिला. दोरी दिसत हुती, पर हाताला येत न्हवती. पडल्या पडल्या भिताडावर हात घासायची, वर वर. एकदा तशीच खाली पडली. मग साहेबांनी माझं जुनं पातळ फाडायला लावलं." तिने पदर तोंडात धरला. "मी बांधला. माझ्याच हातानं बांधला. लिवा तसं."

मी परत त्या खोलीत गेलो. भिंत मी आधी पाहिली होती, पण वरची गाठ बघण्याच्या नादात. आता खाटेच्या पातळीवर वाकून पाहिले. पांढऱ्या रंगावर एक काळपट तेलकट पट्टा होता. उशीपासून सुरू होऊन हातभर वर गेलेला आणि तिथे संपलेला. संपला तिथे बोटांच्या खुणा वेगवेगळ्या दिसत होत्या. तिथून गाठीपर्यंत भिंत कोरी. दोरीवर नसलेला मळ भिंतीवर होता. आम्ही टेप लावून अंतरे मोजली, फोटो घेतले, गाठीसकट दोरी जप्त केली. त्या पट्ट्यापुढे रजिस्टरांचे सगळे गठ्ठे खोटे ठरले.

व्यवस्थापकाला तो पट्टा दाखवला. तो म्हणाला, "रंग देणारच होतो, सर." माझ्या सेवेत मी आरोपीवर हात उगारला नाही. त्या दिवशी दोन्ही हात खिशात घालून मी खोलीबाहेर आलो.

गुन्हा दाखल झाला. उरलेल्या तेवीस जणींना दुसरीकडे हलवले. त्यातल्या पाच जणींना तशाच जखमा निघाल्या. व्यवस्थापक, संस्थेचे दोन संचालक आणि दाखला देणारा डॉक्टर यांच्याविरुद्ध दोषारोपपत्र गेले. सेविका साक्षीदार झाली. माझा जबाब मी स्वतः लिहून वरिष्ठांना दिला, तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. आरोपी जामिनावर बाहेर आहेत, खटला चालू आहे. बचाव पक्षाच्या वकिलांनी मला विचारले, "अभिप्राय तुमचाच ना?" मी म्हणालो, "माझाच. आणि तो खोटा आहे." समितीतल्या कोणालाही असे विचारले गेल्याचे मी ऐकलेले नाही. ते आजही कुठेतरी फोन करून, चहा घेऊन, सह्या करत असतील. या विचाराने मला अजूनही संताप येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छा नाही.

धाकटी जाऊ एकदा न्यायालयाच्या आवारात भेटली. मी म्हणालो, "आजी, तुम्ही पाठ पाहिलीत म्हणून सगळं उघडं पडलं."

"ती जिती हुती तवा बघाया पायजे हुती," ती म्हणाली आणि एसटी गाठायला निघून गेली.

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच. वहीतल्या सह्या आपल्यासाठी केलेल्या असतात. अंथरुणातल्या माणसाची लिपी वेगळी असते. ती वाचायला त्याच्या उंचीवर वाकावे लागते. न कळवता जा. खाटेवर स्वतः आडवे पडा आणि हात लांब करा. पाणी हाताला येते का, दोरी येते का, ते बघा.

माझी पत्नी गेल्या वर्षी गेली. शेवटचे सात महिने ती अंथरुणात होती, घरीच. मी देव्हाऱ्यातली घंटा तिच्या खाटेला अडकवली आणि घंटेला सुती दोरी बांधून उशीजवळ सोडली. पहिल्या दिवशी तिने दोरी बोटांत धरून पाहिली आणि म्हणाली, "आता कळेल तुम्हाला, किती वाजवते ते."

खूप वाजवली. खाट मी अजून हलवलेली नाही. दोरी तिथेच आहे, खालचे वीतभर टोक काळे झालेले.