देवळाचा वळसा

आज मी अंबडच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, तो होडीवाल्या मामांमुळे. धरणाच्या पाण्यातून त्यांनी मला रोज शाळेला पोचवलं. त्यांचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

पाण्याच्या मध्यावर मामा नेहमी वळसा घेत. खाली बुडालेल्या गावाचं देऊळ होतं. कोणी कुरकुरलं, की म्हणत, "देवाच्या डोक्यावरून होडी घालू का? लय घाई हे, तर पोहत जा!"

पुढे इंटरनेटवर लोकांनी मिळून बनवायच्या नकाशात मी रस्ते भरू लागलो. होडीची वाटही तुटक रेघेने काढली आणि सुट्टीत मामांना दाखवली.

"सरळ काढली व्हय रे? वळसा घाल," ते म्हणाले. "उद्या पूल झाल्यावर देवाला कोण वळसा घालील?"

मी रेघ वाकवली. पूल झाला, होडी बंद पडली. बंद वाट नकाशात ठेवत नाहीत, म्हणून कोणीतरी ती पुसली. मी पत्र लिहिलं. पाकिटावर 'होडीवाले मामा' आणि गावाचं नाव.

"मामा, तुमची वाट राखता आली नाही. परवा पुलावरून आलो. पूल सरळ आहे. खाली देऊळ आलं तेव्हा बसमध्ये उठून उभा राहिलो. तेवढंच जमलं."